चौकटीतला उंदीर

विल्फ गॅरटबद्दल आमच्या ऑटर्सबी गावात कुणी चांगलं बोलत नाही, आणि मीही बोलणार नाही.

तो कोळशाच्या लॉरीवर होता. पोतं उतरवता उतरवता गिऱ्हाइकाशी भांडायचा. कोळसा जाऊन गॅस आला, तसा गॅसवाल्यांशी भांडू लागला. भाज्यांच्या प्रदर्शनात त्याच्या लीकना, म्हणजे जाड पातीच्या लांब कांद्यांना, दुसरा नंबर मिळाला, तेव्हा त्यातलाच एक लीक त्याने परीक्षकाला फेकून मारला. बायको, वेरा, होती तोवर ती त्याच्यामागून माफी मागत फिरायची. ती गेली आणि माफीही बंद झाली.

पण त्याचं खरं वैर रॉडरिक पिमशी. शाळेत दोघे एका बाकावर. पिमचे पुढचे दोन दात मोठे, म्हणून विल्फ त्याच्या वहीवर उंदराचं तोंड काढायचा. पिम मोठा होऊन जमिनींचा दलाल झाला, मग जिल्हा कौन्सिलवर गेला, आणि विल्फ लोकांच्या तळघरांत कोळसा ओतत राहिला. दर निवडणुकीला हा बाबा मतदान केंद्रात जाणार, दोरीला बांधलेली पेन्सिल उचलणार आणि मतपत्रिकेवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एक मोठा उंदीर काढणार. मत बाद. मग पबमध्ये बढाई, "आलो त्याला दाखवून." पिम दर वेळी आरामात निवडून यायचा.

यंदा पिमने आमच्या भाजीच्या मळ्यांवर गाड्यांचा तळ करायचा घाट घातला. जमीन कौन्सिलची, आम्ही नुसते भाडेकरू. पिमची खुर्ची गेली तर ठराव पडणार, हे सगळ्यांना माहीत होतं. उभं राहायला मात्र कुणी पुढे येईना, म्हणून मी उभी राहिले. दारोदार पत्रकं टाकली. पत्रपेटीच्या फटीतून कुत्रे बोटांना चावले आणि माणसं त्यांच्याहून वाईट वागली.

विल्फकडे सगळ्यात शेवटी गेले. तो मळ्यातल्या खोपटात चहा पीत होता.

"या वेळी उंदीर नको, विल्फ."

"का? तुला कधीपासून उंदरांचा पुळका?"

"पुळका कसला! तुझं मत हवंय मला. वेराची गुलाबं आहेत त्या कुंपणाला, त्यांच्यावर डांबर ओततील हे लोक. माझ्या नावापुढे एक फुली मार, बस."

"फुली अडाणी लोक मारतात."

"मग हो एक दिवस अडाणी. आणि नीट ऐक. कागदभर रेघोट्या ओढायच्या नाहीत. चौकटीच्या आत राहायचं. एक रेष बाहेर जाता कामा नये."

"चौकटीच्या आत. समजलं, मास्तरीणबाई."

"शब्द दे."

"दिला. आता मला चहा पिऊ दे."

मतदानाच्या दिवशी तो टोपी घालून आला आणि बाहेर पडताना मला डोळा मारला. "चौकटीच्या आत हं, थेल्मा. एक रेष बाहेर नाही." मला इतका आनंद झाला की घरून आणलेली, मांसाचं सारण भरलेली पोर्क पाय मी अर्धी तोडून त्याला दिली. त्या पायचं मला आजही वाईट वाटतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅडमिंटनच्या हॉलमध्ये मोजणी झाली. पिम आणि मी बरोबरीत. पुन्हा मोजलं, तरी बरोबरीत. राहिल्या फक्त शंकेच्या मतपत्रिका. निवडणूक अधिकारी बाई एकेक कागद आम्हा दोघांसमोर धरत होत्या. एकावर दोघांपुढे फुल्या, बाद. एकावर कौन्सिलला उद्देशून कविता, बाद. मग शेवटचा कागद आला.

पिमच्या नावापुढच्या चौकटीत उंदराचं एक छोटंसं, सुबक तोंड होतं. दोन मोठे दात. मिशीचा एक केससुद्धा रेषेबाहेर नाही.

"हे काय मत आहे?" मी म्हटलं. "हा तर अपमान आहे."

"अपमान करायला बंदी नाही, मॅडम. खूण एकाच उमेदवारापुढे आहे आणि चौकटीच्या आत आहे. मत वैध."

ते कुणाचं मत, हे ओरडून सांगावंसं वाटलं. पण कुणी कुणाला मत दिलं हे तिथे फोडणं गुन्हा आहे. पिमने कागद चष्म्याजवळ नेला, बराच वेळ पाहिला आणि हसला. ते दात मी विसरणार नाही.

पिम एका मताने आला. मंचावर उभा राहून त्याने सगळ्यांचे आभार मानले. मग म्हणाला, "आणि माझ्या एका शाळासोबत्याचे खास आभार. लहानपणापासून तो माझं चित्र काढतोय. यंदा कुठे त्याला नीट जमलं."

लोक उगाचच हसले. मागच्या भिंतीशी विल्फ उभा होता. पिम पडताना बघायला आला होता तो.

बाहेर त्याने मला गाठलं. "मी फुलीच मारणार होतो गं. पण कागदावर त्याचं नाव तुझ्या नावाच्या वर होतं. दिसलं, आणि हात थांबेना."

"मग खाली माझ्यापुढे काही का नाही केलंस?"

"त्याच्या तोंडावर उंदीर काढला, म्हणजे मत तुलाच ना? कुठल्याही शहाण्या माणसाला कळेल."

स्वतःचं नाक कापून दुसऱ्याला अपशकुन करणारी माणसं मी पाहिली आहेत. याने नाक माझं कापलं. मी त्याला तसं तोंडावर सांगितलं, आणखीही बरंच सांगितलं, आणि घरी गेले.

जूनमध्ये मळ्यांवर जमीन खणायचं यंत्र आलं. विल्फ वेराची गुलाबं मुळांसकट काढत होता. त्याने हाक मारली, "थेल्मा, फावडं धर जरा." मी धरलं नाही. फुलांच्या दिवसांत उपटलेली गुलाबं जगत नाहीत, ती जगली नाहीत.

आता तिथे डांबर आहे आणि डांबरावर पांढऱ्या चौकटी आखल्या आहेत. विल्फ रोज सकाळी येऊन समोरच्या बाकावर बसतो. परवा मी तिथून जात होते. वेराच्या कुंपणाच्या जागी पिमची गाडी उभी होती.

"बघ," विल्फ मला म्हणाला, "चाक रेषेच्या बाहेर आहे त्याचं. दंड करायला हवा."

मी तशीच पुढे गेले. आमचं बोलणं बंद आहे.