कंपायलरनं पास केलेलं पाणी

‘टाकीवर प्रमाणपत्र टांगलं म्हणजे पाणी शुद्ध झालं का?’ हे पत्रक माझंच. ग्रामपंचायत चिडली. म्हणाली, मग तूच कर काहीतरी. केलं. टाकीत क्लोरीन सोडणाऱ्या पंपासाठी सी या संगणकभाषेत प्रोग्राम लिहिला. तो यंत्राच्या भाषेत उतरवणाऱ्या कंपायलरनं एकही चूक दाखवली नाही. पाण्याची पातळी बघून प्रोग्राम डोस ठरवणार. काल पंप सुरू झाला.

मेहकरला कॉलेजात सी शिकवणाऱ्या मावसबहिणीला प्रोग्राम पाठवला, कौतुकासाठी. सकाळी तिचा फोन.

“टाकी भरली तर एक डोस, रिकामी तर दुसरा. अन् अर्धी असली तर? तिथं डोस काढणारं तुझं फंक्शन काहीच आकडा देत नाही वं.”

“पण कंपायलरनं घेतलं की. शून्य चुका.”

“घेतलं म्हणून नियमात बसलं का? न दिलेला आकडा वापरला तर काय होईल, याची हमी भाषेचं स्टँडर्ड, म्हणजे नियमांचं पुस्तक, देत नाही. अन् कंपायलरनं तुले अडवावंच, असंही त्यात नाही. कोणताही आकडा येईल. त्यानं इशारा तरी दिला असंल न?”

इशारे मी बंद करून ठेवले होते. कॉलेजात तीच रीत होती. स्क्रीनवर ‘शून्य चुका’ आलं की प्रिंट काढा, जर्नलात चिकटवा, सही घ्या. आत काय लिहिलंय ते सरांनी कधी वाचलं नाही. मीही नाही.

“शिक्क्यावर पत्रकं काढते न तू?” ती म्हणाली.

रात्री लाइट नव्हती. त्यामुळं टाकी अर्धीच भरली होती. आणि गावाला पाणी सुटून तास झाला होता.

पळत टाकीवर गेले. गावाला पाणी सोडणाऱ्या वॉलमनकाकांनी नळीत पाणी घेऊन क्लोरीन तपासायच्या औषधाचे थेंब टाकले. फिकट पिवळा रंग आला, हवा तसा. तरी मी पंप बंद करायला वळले.

“बरोबर हाये. मंग पंप बंद काऊन करून राह्यली?”

“आत्ता बरोबर आहे काका. का बरोबर आहे ते मला माहीत नाही. मघाशी काय सुटलं, तेही नाही.”

काकांनी नळी खाली ठेवली. “सुनेनं पोरीले दुधात हेच पाणी घालून पाजलं असंल,” म्हणाले, आणि वॉल्व्ह बंद करून घराकडे निघाले. भराभर.

मी देवळातल्या माइकवर गेले. पत्रकं मी ठणकावून वाचायचे. आज, आजचं पाणी पिऊ नका, एवढंच बोलले. खालून कोणीतरी विचारलं, “कोणं केलं हे?”

मी माइक बंद केला नव्हता.

“मी,” म्हटलं.