फौजीमामांची तीन मेडलं

फौजीमामांना कुणी नाव विचारलं, की ते आधी उलट विचारायचे, "कुठलं?" विचारणारा गांगरायचा. मग मामा शांतपणे समजावून सांगायचे, की देवासला मी माधव गणपतराव, धारला जयसिंगराव आनंदराव. लिहायचं असेल तर धारचं लिहा, हाक मारायची असेल तर देवासचंही चालेल. आडनाव तेवढं दोन्हीकडे एकच होतं. आम्ही भाचरं या भानगडीत पडलोच नाही. सैन्यात होते म्हणून फौजीमामा, एवढं आम्हाला पुरत होतं.

ते माझ्या आईचे धाकटे भाऊ. आमचं आजोळ देवासचं. आजोबांचे, म्हणजे गणपतरावांचे, एक चुलतभाऊ, आनंदराव, धारला होते; ते मूलबाळ न होता गेले. त्यांच्या पत्नीने, म्हणजे धारच्या आईसाहेबांनी, घराणं चालावं म्हणून आजोबांकडे धाकटा मुलगा मागितला. मामा तेव्हा एकवीस वर्षांचे होते, फौजेत भरती होऊन तीन वर्षं झाली होती आणि सुट्टीवर घरी आले होते. एवढा मोठा मुलगा दत्तक घेतात हे ऐकून माझ्या शाळेतल्या हिंदी बोलणाऱ्या मैत्रिणी अजून हसतात. पण आमच्या लोकांत ते चालत आलंय. मिशीवाला जवान आईसाहेबांच्या मांडीवर बसवला, कानात नवं नाव सांगितलं, आणि एका दुपारीत माणसाचं नाव, गाव, बाप, सगळं बदललं. आईसाहेबांची अट एकच होती. त्यांचे दीर कुठल्याशा जुन्या लढाईत गेले होते. म्हणून माझा मुलगा बंदुकीसमोर उभा राहणार नाही, असा शब्द त्यांनी मामांकडून घेतला. फौजेतल्या माणसाने असा शब्द दिला कसा, हे मला आजही कळलेलं नाही.

आजोबा जुन्या दरबारी वळणाचे. दिला म्हणजे दिला. पुढे वर्षाच्या आत थोरले मामा विषमज्वराने गेले आणि आजोबांच्या घरात मुलगा म्हणून कुणी उरला नाही, तरी त्यांचं वागणं तसूभर बदललं नाही. फौजीमामा देवासला आले की त्यांच्यासाठी पाट मांडला जाई, पाटाभोवती रांगोळी येई, आणि निघताना हातावर नारळ ठेवला जाई. व्याह्यांना करतात तेवढं सगळं व्हायचं. मामासुद्धा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी थांबून आजीला विचारायचे, "माठातलं पाणी घेऊ का?" एकदा मी लहान तोंडी मोठा घास घेत म्हटलं, की मामा, हे तुमचंच घर ना, मग विचारता कशाला? ते हसले. "मी दिलेला माणूस आहे, शालू. दिलेल्याने विचारून घ्यावं."

आजोबा गेल्यावर तर हे फारच विचित्र दिसायचं. दत्तक गेलेल्याचं गोत्र बदलतं, त्यामुळे जन्मदात्याचं श्राद्ध त्याच्याकडे नसतं. ते माझा भाऊ करायचा. पितृपक्षात त्या तिथीला मामा पहिल्या बसने धारहून निघायचे, इंदूरला बस बदलायची, आणि बरोबर वेळेवर दारात हजर. माझा भाऊ इंदूरच्या इंग्रजी शाळेत शिकलेला. तो संकल्पात अडखळला की ओसरीवरून मामा पुढचा शब्द सांगायचे. स्वतः मात्र आत यायचे नाहीत. पंगत बसली की पाहुण्यांच्या रांगेत जेवायचे आणि दुपारच्या बसने परत जायचे. मला त्यांचा राग यायचा. एवढं पाठ आहे तर पुढे होऊन करा ना, असं वाटायचं. नियम काय होता ते आता समजतं, पण राग पुरता गेलेला नाही.

फौजेबद्दल मामांना विचारलं तर ते फक्त स्टोअरचं सांगायचे. कांबळी, बूट, मच्छरदाण्या. कांबळ्यांना कसर लागू नये म्हणून काय करायचं यावर ते अर्धा तास बोलू शकत. एकाहत्तरच्या लढाईत तुम्ही कुठे होता, असं मुलांनी विचारलं की म्हणायचे, "आम्ही मागे. पुढच्यांना थंडी वाजू नये हे आमचं काम." आम्ही पोरं हिरमुसायचो. त्यांच्या डाव्या मांडीला केवढा तरी मोठा व्रण होता आणि ते किंचित लंगडत. महूला सायकलवरून पडलो, असं त्यांनी आईसाहेबांना सांगितलं होतं, तेच मामींना सांगितलं, आणि तेच आम्हाला. आईसाहेब वारल्यावरही सायकल कायम राहिली.

तीन वर्षांपूर्वी मामा गेले. कुणाला त्रास न देता, सकाळचा चहा घेऊन, वर्तमानपत्र वाचता वाचता. धारमधली निवृत्त फौजी मंडळी फुलांचं चक्र घेऊन आली. त्यांच्यातल्या एकाने शोकसभेत वाचायला म्हणून मामांच्या कागदांवरून टिपण काढलं आणि त्यात मेडल काहीच नसल्याचं वाचून दाखवलं. तेवढ्यात बदनावरहून आलेले एक पागोटंवाले म्हातारे पुढे सरकले. ते मामांच्याच पलटणीतले होते. मामींसमोर हात जोडून त्यांनी सांगितलं, "भाभी, तीन मेडल था. म्हारा खांदा पे लाया था इनके, गोळी लागी थी जद." माझ्या मनात पहिल्यांदा आलं ते असं, की म्हातारबुवांची काहीतरी गल्लत होतेय, दुसऱ्याच कुणाला तरी आणलं असेल खांद्यावरून.

दिवस झाल्यावर मामींनी मला धारला थांबवून घेतलं. मामी बोलायला कमी, आणि रडताना तर मी त्यांना पाहिलंच नव्हतं. त्या म्हणाल्या, "अठ्ठेचाळीस वर्षं संसार केला मी. सासूबाई होत्या तोवर सायकल ठीक. नंतर माझ्याशी खोटं का? मतलब, मी कोणाबरोबर राहिले, ते तरी मला कळू दे." मेडलं त्यांना भिंतीवर लावायची नव्हती. मामा लढले असतील तर ते सरकारी कागदावर यावं आणि नसतील तर बदनावरचे बुवा चुकले असं कुणीतरी लिहून द्यावं, एवढंच त्यांचं मागणं होतं. मी शाळेतून निवृत्त झालेली, रिकामी. करते म्हटलं.

तिथून माझ्या डोक्याचा जो भुगा झाला तो दोन वर्षं झाला. फौजेचं रेकॉर्ड ऑफिस लांब दुसऱ्या राज्यात. पहिल्या अर्जाला उत्तर आलं, की जयसिंगराव आनंदराव यांच्या नावे मेडल नाही. मी देवासच्या नावाने दुसरा अर्ज केला. उत्तर आलं, की माधव गणपतराव यांना तीन मेडलं मंजूर आहेत, परंतु या नावाचा कुणी पेन्शनर नाही. म्हणजे एकाने लढाई केली आणि दुसऱ्याने पेन्शन घेतली. फौजेतला नंबर दोघांचा एकच, हे मी लिहिलं, तर त्यांनी विचारलं की मग वडील दोन कसे. मी दत्तकपत्राची नक्कल पाठवली. फोनवरचे बाबू भले होते, पण तेही चक्रावले. "मॅडम, इक्कीस साल के आदमी को गोद कौन लेता है?" आमच्यात घेतात, असं मी म्हटलं. त्यांनी ते लेखी मागितलं. मग धारच्या दोन वृद्ध गृहस्थांकडून तशी रूढी असल्याचं लिहून घेतलं, त्यातले एक स्वतःच पंचविसाव्या वर्षी दत्तक गेलेले. त्यांनी सहीच्या आधी मला विचारलं, की जुन्या नावाने करू की नव्या, आणि मी कपाळाला हात लावला.

शेवटी बाबूंनी सगळा जुना कागद उकरून काढला. दत्तक झाल्यावर मामांनी नाव बदलायचा अर्ज केला, तो लढाईच्या धामधुमीत पडून राहिला, आणि लढाईनंतर नव्या नावाची नवी वही सुरू झाली. मेडलं जुन्या वहीत राहिली. हे सगळं त्यांनी फोनवर सांगितलं आणि म्हणाले, दुरुस्ती होईल, पण फाइलीत आणखी काही चिठ्ठ्या मराठीत आहेत, त्या आम्हाला वाचता येत नाहीत, तुम्हीच वाचा. त्यांच्या नकला पाकिटातून आल्या. मी त्या मामींना वाचून दाखवायला धारला गेले. वाटेत उघडल्या नाहीत, कारण मला धीर झाला नाही.

पहिली चिठ्ठी आजोबांची होती. अक्षर ओळखलं आणि माझं मन भरून आलं. मामा निवृत्त होऊन धारला आल्यावर कधीतरी मेडलांचं पाकीट जुन्या नावाने, जुन्या पत्त्यावर, देवासला गेलं होतं. आजोबांनी ते परत केलं होतं. लिहिलं होतं, "या नावाचा मुलगा आता या घरात नाही. तो धारला दिला आहे. त्याचे काही आम्हास ठेवता येत नाही. ज्याचे त्यास द्यावे." ऑफिसने मग धारला मामांना पत्र टाकलं असणार, कारण दुसरी चिठ्ठी मामांची होती.

मामांनी लिहिलं होतं, "लढाईत गेला तो गणपतरावांचा मुलगा. आईसाहेबांचा मुलगा लढाईत गेलेला नाही, तसा मी त्यांना शब्द दिला आहे. सबब पदके इकडे पाठवू नयेत, वडिलांकडे देवासला पाठवावीत. त्यांना मुलगा देऊन काहीच मिळालेले नाही."

तिसरी पुन्हा आजोबांची, दोनच ओळींची. पाकीट त्यांनी दुसऱ्यांदा परत केलं होतं. त्यानंतर ऑफिसने फाइल बंद केली.

माझं डोकं चालेना. बापलेक वर्षाकाठी चार वेळा समोरासमोर जेवत होते. पाकीट इकडून तिकडे जातंय हे दोघांनाही ठाऊक होतं. आणि त्यावर एक अक्षर बोलले नाहीत? भात वाढू का, सोयाबीनला भाव काय, असलं बोलत बसले असतील. खोटं म्हणावं तर, त्यांच्या हिशेबाने मामा कुणाशीच खोटं बोलले नव्हते, आणि खरंही कुणाला सांगितलं नव्हतं. मला त्या दोघांचा भयंकर राग आला आणि त्याच वेळी दोघांच्या पायांवर डोकं ठेवावंसं वाटलं. या दोन गोष्टी एकाच वेळी कशा वाटतात, मला माहीत नाही. मामींनी दुसरी चिठ्ठी माझ्याकडून पुन्हा वाचून घेतली. मग म्हणाल्या, "माझ्याशी खोटं नव्हतं मग ते. बरं झालं." आणि डोळ्यांना पदर लावला.

दुरुस्तीचा कागद महिन्याभरात आला. जयसिंगराव आनंदराव, पूर्वीचे माधव गणपतराव, आणि खाली तिन्ही मेडलं. बरोबर एक फॉर्म होता: मेडलं कोणत्या पत्त्यावर पाठवावीत. मी धारचा पत्ता लिहायला घेतला, तर मामींनी माझा हात धरला आणि देवासचा लिही म्हणाल्या. मी वाद घातला. तुम्ही त्यांच्या पत्नी, हक्क तुमचा, दोन वर्षं तुम्ही वाट पाहिलीत, आता कागद आलाय तर मेडलं माझ्याकडे कशाला? आजोबांचं ते तीन खोल्यांचं घर आईकडून माझ्याकडे आलंय आणि मी तिथेच राहते, म्हणजे ती माझ्याच कपाटात पडणार.

"ह्यांनी कुठे पाठवा म्हणून लिहिलंय?" मामींनी विचारलं.

"देवासला."

"मग देवासलाच. आता परत करणारं तिथे कोणी नाही."

गेल्या महिन्यात पाकीट आलं. पोस्टमन दारात उभा, सहीसाठी पेन पुढे केलेलं. मी धारला फोन लावून तो कानाशी धरला होता आणि पलीकडे मामी ऐकत होत्या. मी सही केली. पाकीट हलकं होतं, मला वाटलं होतं त्याहून पुष्कळच हलकं.

"घेतलंस?" मामींनी विचारलं.

"घेतलं," मी म्हटलं.