हेर्मेलिंदाच्या दोन पट्ट्या

वायादोलिद शहरातल्या जुन्या घरांतून रंगीत सिमेंटच्या लाद्या दिसल्या, की त्यांतल्या निम्म्या तरी हेर्मेलिंदा कानुलच्या हातच्या निघत. वडिलांबरोबर ती सोळाव्या वर्षी कामावर गेली, आणि त्यांच्यामागे त्यांचा काटकोन तपासायचा गुण्या आणि दोरी तिच्याकडे आली. शाळा मात्र तिसरीतच सुटलेली. छप्पन्नाव्या वर्षी तिने शनिवारच्या प्रौढवर्गात नाव घातलं आणि बीजगणितात नापास झाली.

तिला ते फार लागलं. (अ + ब) चा वर्ग तिने अ² + ब² असा लिहून दिला होता. विल्बेर्त मास्तर तिच्या मुलाच्या वयाचे. त्यांनी फळ्यावर मांडून दाखवलं की मध्ये २अब येतात. तिने मान डोलावली, पाठही केलं, पण ते दोन अब कुठून उगवतात ते काही उमगेना. आणि न उमगलेलं लिहायचं तिच्या जिवावर यायचं.

त्याच महिन्यात वाचनालयाच्या चौकोनी खोलीचं काम आलं. जुनी फरशी वीस लाद्या लांब, वीस रुंद. पूर्वेची आणि दक्षिणेची भिंत तीन-तीन लाद्यांनी मागे सरकवली होती. जुन्याला हात न लावता नवीन तेवढं भरायचं होतं. पूर्वेच्या भिंतीलगत तिने वीस लांब, तीन रुंद अशी पट्टी मांडली. दक्षिणेला तशीच दुसरी. कोपऱ्यात तीन बाय तीनचा चौकोन उरला. तिथली शेवटची लादी हातात असतानाच ती थबकली. जुन्या चारशे. कोपऱ्यात नऊ. आणि दोन पट्ट्या, साठ-साठच्या. सगळ्या मिळून पाचशे एकोणतीस, म्हणजे तेवीसचा वर्ग.

उकिडव्या बसल्या जागी तिला हसू फुटलं. जन्मभर हातांनी केलेलं गणित ती कागदावर चुकून आली होती.

पुढच्या शनिवारी तिने हे मास्तरांना सांगितलं. त्यांनी खडू तिच्या हातात दिला आणि स्वतः बाकावर जाऊन बसले. तिने फळ्यावर फरशी काढली. वर्गातल्या फेर्मीनला, पाव भाजण्याचं काम करणाऱ्याला, शंका आली.

"मावशी, दोन पट्ट्या कशाला? एक पुरे की."

"एका भिंतीशी लाद्या आणि दुसरीशी माती ठेवलीस, तर घरमालक उंबऱ्यात उभं करील का तुला?" ती म्हणाली. "भिंती दोन सरकल्यात, बाबा."

वर्गात हशा पिकला. त्यानंतर ते दोन अब कुणीच विसरलं नाही. आपण सहा वर्षं शिकवतोय, पण इतकं सरळ कधी जमलं नाही, असं मास्तरांनी सगळ्यांदेखत कबूल केलं.

फेरपरीक्षेत तिला दहापैकी नऊ मिळाले. दाखला आणायला ती भरतकामाचा ठेवणीतला झगा घालून गेली. कारकुनाने नाव विचारलं, वय विचारलं, आणि व्यवसायाच्या रकान्यात न विचारताच 'गृहिणी' लिहिलं. हेर्मेलिंदाने कागद आपल्याकडे वळवून वाचला आणि परत त्याच्यापुढे सरकवला.

"खोडा ते," ती शांतपणे म्हणाली. "गवंडी लिहा."