परबकाकांचा स्विच, माझा लॉग

"मॅडम, तुमचाच लॉग आहे. पंप तीनदा कोणी बंद केला ते सरळ लिहिलंय यात." सेक्रेटरींनी माझाच प्रिंटआउट माझ्यासमोर टाकला. चारकोपच्या त्या सोसायटीची कमिटी टेबलाभोवती बसली होती. दाराशी पंपमन परबकाका उभे. त्यांची नोकरी त्या कागदावर ठरणार होती.

काम साधं होतं. खालच्या टाकीतलं पाणी गच्चीवर चढवणारा पंप फोनवरून चालवायचा. मीटर रूममध्ये मी एक छोटा कॉम्प्युटर बसवला. अ‍ॅपमध्ये बटण दाबलं की इंटरनेटवरून त्याला निरोप जाई आणि पायथनमध्ये लिहिलेला माझा प्रोग्राम पंप सुरू करी. कोणी, कधी, अ‍ॅपवरून की हाताच्या स्विचने चालू-बंद केलं, याची आपोआप होणारी नोंद म्हणजे लॉग.

खालच्या टाकीत पाणी आहे का, हे सांगणारा सेन्सर मी सुचवला होता. "तो नंतर बघू. सध्या परब आहे ना," सेक्रेटरी म्हणाले. काका एकवीस वर्षं झाकण उघडून, आत डोकावून मगच पंप लावत. मीही मान डोलावली. त्याचा मला अजून राग येतो, माझाच.

त्या सकाळी पालिकेचं पाणी आलंच नाही. सेक्रेटरींनी अंधेरीच्या ऑफिसातून बटण दाबलं. काकांनी धावत जाऊन पंप हाताने बंद केला. अ‍ॅपवर 'बंद' दिसलं म्हणून सेक्रेटरींनी पुन्हा चालू केला. असं तीनदा झालं. मग त्यांनी काकांना फोन लावला.

"परब, स्विचला हात लावू नकोस."

"सायेब, टाकीत पाणी नाय. मोटर जळतली."

"अ‍ॅपवर सगळं ओके आहे. तू बाजूला हो."

काका बाजूला झाले. कोरडा चालून पंप जळाला.

मीटिंगमध्ये मी हे सगळं सांगितलं. "प्रत्येक वेळी चालू तुम्ही केलात, तेही लॉगमध्ये आहे."

"सारखा बंद केला म्हणूनच मोटर गेली," सेक्रेटरी शांतपणे म्हणाले. बाकीचे चहा पीत राहिले. फोनवरचं बोलणं लॉगमध्ये नव्हतंच.

काकांना काढलं. जाताना मला म्हणाले, "मी बंद केलंय ता लिवला तुमच्या मशिनीन. कित्याक केलंय, ता नाय लिवला?"

नवी मोटर आली, सेन्सरही बसला. लॉगमध्ये मी 'कारण' असा एक रकाना वाढवलाय. पंप हाताने बंद करणाऱ्याने तो भरायचा. अजून तो कोराच आहे. हाताने बंद करणारा माणूसच आता तिथे नाही.