यादीत नसलेला कागद

दिग्रसजवळच्या तांड्यावरचा हवालदार सेवादास आडे चोवीस वर्षं फौजेत जनरेटर सांभाळत होता. बर्फातल्या चौकीवर त्याचा भारी मान, कारण पहाटेच्या गारठ्यात तिथलं इंजिन फक्त त्याच्याच हातानं सुरू व्हायचं. युक्ती साधी होती. संध्याकाळी इंजिन गरम असतानाच फिल्टरमधलं पाणी काढून टाकायचं, म्हणजे रात्री ते गोठत नाही. पण हे त्यानं कुणाला सांगितलं नव्हतं. त्याच्या उस्तादानं तरी त्याला कुठं सांगितलं होतं? आपल्यावाचून लोकांचं अडलेलं कुणाला आवडत नाही?

मग तो लेक राखीच्या लग्नाला गावी आला. इकडे हळद लागत होती आणि तिकडे इंजिन बसलं, वायरलेस मुका झाला. त्याचा जोडीदार पूनमसिंग उघड्या हातांनी गोठलेला फिल्टर सोडवत राहिला. त्याची दोन बोटं कापावी लागली. परतल्यावर सेवादासनं तो हात पाहिला आणि त्याला स्वतःची लाज वाटली.

निवृत्तीला महिना उरला होता. आपल्याला येतं ते इथंच ठेवून जायचं, असं त्यानं पक्कं केलं.

आता फौजेची रीत अशी, की चार्ज देताना एकेक पाना, एकेक नट मोजून यादीवर सही होते. डोक्यातलं मात्र कुणी मोजत नाही. सेवादासनं सगळं कागदावर लिहिलं आणि यादीला जोडलं. सुभेदार भीमसिंगसाहेबांनी तो कागद काढून बाजूला ठेवला. यादीत तसा रकाना नाही, शिवाय असं लिहून ठेवणं सुरक्षेत बसत नाही, म्हणाले. चार्ज घेणारा नायक देवसिंग तर काही विचारायलाच तयार नव्हता. विचारलं तर येत नाही हे उघडं पडेल. झाकली मूठ सव्वा लाखाची!

सेवादासनं सही न करताच पेन पुन्हा खिशाला लावलं. निवृत्तीचे कागद अडतील, असं साहेबांनी बजावलं.

"अडू द्या," तो म्हणाला. "पूनमसिंगच्या बोटांसाठी तरी कुठल्या यादीत रकाना होता?"

साहेबांनी बाजूला ठेवलेला कागद पुन्हा उचलला. मग तो मंजुरीसाठी वर पाठवायचं त्यांनी कबूल केलं. पण मंजुरीच्या भरवशावर बसेल तो सेवादास कसला! रोज संध्याकाळी त्यानं देवसिंगला इंजिनापाशी उभं केलं आणि स्वतःचे हात खिशात कोंबले. देवसिंग कुरकुरला, चिडला, चुकला. आठव्या पहाटे त्यानं एकट्यानं इंजिन सुरू केलं. तरी सेवादासनं सही केली नाही. देवसिंगनं आणखी दोघांना शिकवलं, तेव्हाच त्यानं पेन काढलं.

पुढचा सगळा हिवाळा सेवादास तांड्यावर होता. चौकीवरून एकदाही फोन आला नाही.

"इसरले वाटते तुमाले," त्याची बायको मानीबाई म्हणाली.

त्याला ते लागलं, खोटं कशाला बोला.

"फोन आला असता तं मीच हरलो असतो व," तो म्हणाला.