पाटीवरचं गोड

माझा थोरला भाऊ नांदेडला मिठाई करायचा. आम्ही त्याला अण्णा म्हणायचो. दुकान दुसऱ्याचं होतं, पण कढई अण्णाची, असं तिथले सगळे म्हणत. पाक झाला का नाही, ते तो अंगठा आणि बोट यांच्यामध्ये तार धरून बघायचा, आणि गोडी बरोबर आहे का, ते जिभेच्या टोकावर. एकच थेंब. पण दिवसभर असे थेंब जिभेवर पडत राहिले की संध्याकाळी तोंड गुळचट व्हायचं, जेवण नको वाटायचं. मग तोंड जागेवर आणायला तो तंबाखूची गोळी गालात धरायचा. गोडाला उतारा, असं त्याचं म्हणणं. वीस वर्षं हा उतारा चालू होता.

मी लातूरला कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. तंबाखूवर दर वर्षी मुलांपुढे एक तास बोलते. अण्णाला मात्र कधी काही बोलले नाही. आई-आप्पा लवकर गेले, तेव्हा मी सातवीत होते. पुढचं माझं सगळं शिक्षण त्याच्या कढईवर झालं. त्याच्यासमोर बाई म्हणून बोलायला जीभ रेटायची नाही.

नागपंचमीला मला माहेरी न्यायला तो लातूरला आला होता. चहा पिताना मान एका बाजूला कलती करत होता. मी विचारलं तर दाढ दुखते म्हणाला. मी मोबाइलची बत्ती लावून तोंड उघडायला लावलं. जिभेच्या कडेला रुपयाएवढी जखम होती, कडा पांढऱ्या पडलेल्या. किती दिवस झाले विचारलं, तर तोंड मिटून त्यानं कप उचलला. वहिनीकडून नंतर कळलं, होळीपासून तो जिभेच्या दुसऱ्या बाजूनं चव घेत होता.

तपासण्या झाल्या. डॉक्टरांनी सांगितलं, जीभ जवळजवळ सगळी काढावी लागेल. अण्णा ऑपरेशनला तयार नव्हता. वहिनी पदर तोंडाशी धरून बसायची. समजूत घालायचं काम माझ्याकडे आलं, कारण घरात शिकलेली मी. मी त्याला म्हणाले, "जीभ गेली तरी तू राहशील, अण्णा. आम्हाला तू पाहिजेस."

त्यानं बाहेरच्या रिक्षांकडे बघितलं. मग म्हणाला, "हाव माय. तू म्हणतीस तर करू."

लाडानं तो मला माय म्हणायचा. त्याच्या आवाजातलं मला आठवणारं शेवटचं वाक्य हेच. त्यानंतरही ऑपरेशनपर्यंत तो चार दिवस बोलत होताच, पण ते सगळं फॉर्म, कपडे, डबा असलं होतं. त्यातलं काही माझ्याजवळ राहिलं नाही.

ऑपरेशन झालं. पोटाला बारीक छिद्र पाडून नळी बसवली. वहिनी दूध, भाताची पेज, वरणाचं पाणी आणि साखर एकत्र करून फडक्यातून दोनदा गाळायची, मोठ्या सिरिंजमध्ये ओतायची आणि सिरिंज उंच धरून उभी राहायची. अण्णा खुर्चीत ताठ बसून ते खाली उतरताना बघायचा. दर अडीच-तीन तासांनी हे चालायचं. बोलणं बंद झालं म्हणून त्याला लिहायला मी शाळेतली पाटी आणून दिली होती. मोबाइलवरची अक्षरं त्याला दिसायची नाहीत.

मी दर रविवारी जायचे. सकाळची पहिली एसटी, अहमदपूर, लोहा, नांदेड. साडेदहा-अकराला पोचायचे आणि वहिनीच्या हातातली सिरिंज मी घ्यायचे. असाच एक रविवार. दिलेलं सगळं पोटात गेलं, मी नळीत पाणी सोडून टोपण लावलं. अण्णानं पाटी ओढली आणि लिहिलं : "पोट भरलं. जेवलो न्हाई."

मी वाचलं. त्याला वाटलं मला कळलं नाही, म्हणून त्यानं "जेवलो" या शब्दाखाली रेघ मारली.

त्या वेळी मी गप्प बसायला पाहिजे होतं. पण मला जे येतं ते मी केलं, शिकवायला लागले. त्याला सांगितलं, जिभेवर गोड ओळखणाऱ्या पेशी असतात, त्यांच्या अंगावर साखरेसाठी एक कुलूप असतं समज. साखर आली की कुलूप उघडतं आणि मेंदूला निरोप जातो. अगदी तसलंच कुलूप आपल्या आतड्यातही असतं. तिथं साखर पोचली की आतड्याच्या पेशी रक्तात हार्मोन सोडतात. ते मेंदूला सांगतात की अन्न आलंय, आता बस. पोटाला सांगतात, सावकाश पुढं सोड. आणि भूक लावणारं जे हार्मोन पोटातून निघतं, ते कमी होतं. यात या कुलपाचा वाटा किती आणि दुसऱ्या मार्गांचा किती, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही. पण साखर आतड्याला कळते, एवढं नक्की.

तो मन लावून ऐकत होता. जीभ गेल्यापासून कुणी त्याच्याशी त्याच्या धंद्यातलं बोललं नव्हतं. त्यानं लिहिलं : "म्हंजे आतड्याला गोड लागतं?"

याचं खरं उत्तर ‘नाही’ असं होतं. आतड्याला साखर कळते, पण ती आपल्याला गोड लागत नाही. तिथून वर येतो तो निरोप भूक भागल्याचा, चवीचा नसतो. हे मी वर्गात शंभर वेळा सांगितलं असतं. पण त्याचा चेहरा माझ्यासमोर होता. ऑपरेशननंतर त्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हललं होतं.

मी म्हणाले, "लागत असणार. डोळे मिटून लक्ष देऊन बघ, अण्णा. कळेल तुला."

पुढच्या रविवारी मी सिरिंज धरली तर त्यानं डोळे मिटले. सगळं उतरेपर्यंत तसाच बसला. मग पाटी घेऊन एकच शब्द लिहिला : "गोड."

मला रडू आलं. वहिनी दारात उभी होती, ती आत निघून गेली. त्यानंतर दर रविवारी हेच. कधी "गोड", कधी "आज कमी हाय", एकदा "बासुंदीवानी". मी लातूरला येताना एसटीत खिडकीशी बसून तो शब्द मनात घोळवत यायचे. अकरावीच्या वर्गात पचनसंस्था शिकवताना मी हे सांगितलंसुद्धा. नाव न घेता म्हणाले, मी एका माणसाला ओळखते, त्याला जीभ नाही पण त्याला आतून गोड कळतं. मुलं चकित झाली. एका मुलीनं विचारलं, बाई, हे पुस्तकात कुठं आहे? मी म्हणाले, सगळंच पुस्तकात नसतं.

डिसेंबरात एका रविवारी वहिनीला ताप होता, म्हणून पेज मी करायला घेतली. ओट्यावर साखरेचा डबा दिसेना. फडताळात शोधला, खाली शोधला, मग वहिनीला विचारलं. ती अंथरुणातच उठून बसली. म्हणाली, साखर बंद होऊन महिना उलटला. रक्तात साखर लई वाढली म्हणून डॉक्टरांनी दिवाळीनंतर तोडायला सांगितली. ह्यांच्यासमोरच सांगितलं.

मी म्हणाले, "मग तो पाटीवर गोड लिहितो ते?"

वहिनी खाली बघत म्हणाली, "तुम्ही येता म्हणून लिहितात. बाकीच्या दिवशी पाटीला हात लावत न्हाईत."

मी परत स्वयंपाकघरात गेले. गॅसवर पेज उतू गेली होती, ती पुसली. माझा भाऊ, ज्याला एक थेंब जिभेवर ठेवला की साखर किती ते कळायचं, तो महिनाभर माझ्यासाठी खोटी चव सांगत होता. आणि त्याआधी साखर होती तेव्हाचं काय, हे विचारायचं धाडस मला कधीच झालं नाही.

बिनसाखरेची पेज मी गाळून नेली, सिरिंज धरली. त्यानं डोळे मिटले. मग लिहिलं : "गोड." मी म्हणाले, "हाव." त्यानं माझ्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. स्वयंपाक त्या दिवशी मी केला होता, हे त्याला माहीत होतं.

फेब्रुवारीत त्याच्या मानेत गाठ आली. या वेळी डॉक्टरांनी ऑपरेशनचं नाव काढलं नाही. अण्णा दिवसेंदिवस कमी घ्यायला लागला. सिरिंज निम्म्यावर आली की हात वर करायचा. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन समजावलं होतं की आता त्याला भूक लागणार नाही, शरीर मागत नाही तेव्हा भरू नका, त्रास होतो. मी मान हलवली होती. याच्यामागचं शास्त्र त्यांना जेवढं ठाऊक होतं तेवढं मलाही होतं.

तरी एका रविवारी दुपारी मी ऐकलं नाही. आठवड्याभरात तो इतका वाळला होता की मनगटावरचा दोरा कोपरापर्यंत सरकायचा. मला वाटलं, निदान एवढं गेलं पाहिजे. सिरिंज अर्ध्यावर आली, त्यानं हात वर केला. मी म्हणाले, थोडंच राहिलंय. सिरिंज उंच धरूनही आपोआप उतरेना, तेव्हा मी दांडा लावून सिरिंज दाबली. त्याचा चेहरा कसनुसा झाला. त्यानं माझं मनगट धरलं. मी आणखी एकदा दाबली.

मग त्याला उमळून उलटी झाली. आडवा करून, पुसून, कपडे बदलून होईपर्यंत त्याला धाप लागली होती. धाप थांबल्यावर त्यानं बोटानं पाटी मागितली. अक्षर वाकडं आलं. "माय, बस."

त्यानंतर त्यानं काही लिहिलं नाही. मंगळवारी वहिनीचा फोन आला. मी तास अर्धा सोडून निघाले, पण लोह्याच्या अलीकडेच दुसरा फोन आला.

आमच्यात माणसाला बसवून पुरतात. अंगाला विभूती लावून अण्णाला मांडी घालून बसवलं, तेव्हा तो कढईपुढं बसायचा तसाच दिसत होता, पाठ ताठ, मान थोडी पुढं. मिठाईच्या ओळीतले सगळे दुकानदार आले होते. कुणीतरी म्हणालं, लई गोड माणूस होता. मला तिथून उठून जावं लागलं.

ती पाटी मी आणली नाही. वर्गात मात्र मी चूक सुधारली. नवीन वर्षाच्या मुलांना सांगितलं की आतड्याला साखर कळते, माणसाला तिथून चव कळत नाही. ज्यांना मागच्या वर्षी खोटं सांगितलं होतं, ती मुलं तोवर बारावीत दुसऱ्या शिक्षकांकडे गेली होती.

वहिनी आता किनवटला एका निवासी शाळेत मुलींचा स्वयंपाक करते. नांदेडच्या घरात एकटीला घास उतरत नाही म्हणाली, आणि निघून गेली. मागच्या महिन्यात मी रेल्वेनं तिच्याकडे गेले. तिनं मला ज्वारीची भाकरी आणि आंबाडीची भाजी वाढली, समोर बसून मी जेवेपर्यंत बघत राहिली. जेवण झाल्यावर मी तिला विचारलं. त्या दुपारी मी दाबलं, तेव्हा त्याला फार त्रास झाला होता का? मी गेल्यावर त्यानं काही खुणेनं सांगितलं का?

वहिनीनं माझं ताट उचललं. म्हणाली, "त्यांनी तुम्हाला सांगितलं न्हाई. मी कशाला सांगू?"

मला वाटलं ती रागानं म्हणाली. पण तिनं ताट खाली ठेवून माझ्या डोक्यावरून हात फिरवला, अण्णा फिरवायचा तसा नाही, तिचा तिचा, घाईतला. मग शाळेची घंटा झाली. मुलींचं जेवण वाढायची वेळ झाली होती. ती पदर खोचून गेली आणि मी त्या खोलीत गाडीच्या वेळेपर्यंत बसून राहिले.