हळदीकुंकू कशावर वाहायचं

आबिड्स बाजारातल्या त्या सायकलवाल्या दुकानदारांचं नाव माझ्या लक्षात नाही. हिशेबाचं सॉफ्टवेअर क्लाउडवर न्या, हे सांगायला मी सारखा जायचो. ते चहा मागवायचे, जुना कॉम्प्युटर मायेनं पुसायचे आणि म्हणायचे, “नक्को.” कॉम्प्युटर बिघडून त्यांचे हिशेब दोनदा बुडता बुडता वाचले, तरी नक्कोच. शेवटी मी कारण विचारलं.

“सगळं वर गेल्यावर लक्ष्मीपूजनाला हळदीकुंकू कशावर वाहू?”

हा प्रश्न आमच्या ट्रेनिंगमध्ये नव्हता.

दसऱ्यानंतर त्यांचाच फोन आला, “हौ, न्या वर.” लक्ष्मीपूजनाला गेलो, तर वायफायच्या डब्याला झेंडूचा हार घातलेला. त्याचा हिरवा दिवा लुकलुकत होता.

“बघा,” ते हात जोडून म्हणाले, “पोचतंय.”